किरायानाम्यातलं माळवद

नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या धर्माबादेत घर किरायानं मागायला कुणी आलं, की पहिला प्रश्न पैशाचा नसायचा. ढाळजेत बसलेला मालक विचारायचा, "गाव कोन्तं?" मग, "कुणाच्या वळखीनं आलात?" मग, "माणसं किती?" उत्तरं पटली तर खोली दाखवायची. किरायाचा आकडा सगळ्यात शेवटी, तोही चहा झाल्यावर. येणाराही खोलीत शिरला की दाराची कडी पाहायचा, चूल कुठं मांडता येईल ते पाहायचा. सोबत बायको असली तर आड किती लांब आहे ते ती विचारायची. मान वर करून "या माळवदाला किती वर्षं झाली?" असं विचारणारा किरायादार मी लहानपणी एकही पाहिला नाही.

आमचं घर कागद लिहिणाऱ्यांचं. आजोबा निजामाच्या राज्यात अर्जनवीस होते. वडिलांनी आधी उर्दूत आणि पुढं मराठीत अर्ज लिहिले, आणि मी परवानाधारक दस्तलेखक म्हणून आयुष्य काढलं. शिवाय आजोबांनी वाड्यामागं पाच खोल्यांची एक ओळ किरायासाठी बांधली होती. त्यामुळं किरायानामा मी लिहिणारा म्हणून पाहिला आणि मालक म्हणूनही. घरात एक शिसवी संदूक आहे. आजोबांपासूनचे किरायानामे, पावत्या आणि हिशेबाच्या चिठ्ठ्या तिच्यात आहेत. काम कमी झाल्यावर ते कागद मी क्रमानं लावले. आमच्या भागातल्या किरायाच्या घरांचा इतिहास मला त्यांतूनच उलगडला.

हा इतिहास फार जुना नाही. खेड्यात किरायानं कोण राहणार? ज्याला घर नाही तो सोयऱ्याच्या ओसरीत राहायचा, नाहीतर गावाबाहेर कुडाची खोप घालायचा. किरायादार आला तो रेल्वेबरोबर. हैदराबादेहून मनमाडला जाणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. धर्माबादचं स्टेशन त्या मीटरगेज रुळांवरचं. स्टेशन आलं तशी आडत आली, कापसाचे जिन आले आणि पुढं मिरचीचा बाजार वाढला. जिनातला फिटर, आडतीवरचा मुनीम, तेलंगणातून आलेला कोमटी व्यापारी, शाळेचा मास्तर ही माणसं गावची नव्हती. पण त्यांना गावात राहणं भाग होतं. वाडेवाल्यांनी मागची गुरांची पडवी झाडून घेतली, मधे भिंत घातली, आणि खोली तयार झाली.

मिरचीनं तर किरायाला हंगाम दिला. जानेवारीपासून लाल मिरचीची पोती उतरायला लागली, की देठ खुडायला बाया लागत, पोती भरायला हमाल लागत. ही माणसं दोन-तीन महिन्यांसाठी यायची. त्यांच्याशी कागद व्हायचा नाही. मुकादमानं शब्द द्यायचा आणि आठवड्याला पैसे आणून द्यायचे. कांडपाजवळच्या खोल्यांना किराया कमी पडायचा, कारण तिथं राहणाऱ्याला बारा महिने ठसका. आमच्या ओळीतली शेवटची खोली अशीच. ती कायम मिरचीवाल्यांकडं असायची आणि तिच्या भिंतीला हात लावला तरी डोळ्याला लावायची सोय नसायची.

कायमच्या किरायादाराचा कागद मात्र व्हायचा. त्याचा साचा ठरलेला होता. वर फसली सन आणि महिना. मग मालकाचं नाव, बापाचं नाव, धंदा. खाली किरायादाराचं तसंच. जागेचं माप खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात: दोन खण खोली, पुढं ओसरी, न्हाणी सामाईक, आडावर पाणी भरायची मुभा. मग चतुःसीमा. किराया निजामाच्या हाली शिक्क्यात की इंग्रजी कलदारात, हे लिहावंच लागे. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, आणि बाहेरच्या मुलखातला व्यापारी असला तर महिन्याच्या महिन्याला या फरकावरून घोळ व्हायचा. जामीन कोण, तेही लिहायचं. शेवटी दोन साक्षीदार आणि अंगठे.

असे कागद मी एकामागून एक वाचत गेलो. पैसा, मुदत, माणूस, हद्द, सगळं बारकाईनं लिहिलेलं. डोक्यावर काय आहे, ते कुणी आणि कधी बांधलं, गळलं तर कोण बघणार, याबद्दल मात्र एक ओळ नाही. माणूस राहायचा छताखाली, पण किराया द्यायचा तो जमिनीवरच्या खणांचा.

हे माळवद काय असतं, ते स्लॅबखाली जन्मलेल्यांना सांगायला हवं. सागाचे नाहीतर बाभळीचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडव्या लगी, त्यांवर लाकडाच्या चिपा जवळजवळ बसवलेल्या, वर लिंबाचा पाला आणि त्याच्यावर पांढरी माती. ही माती गावाच्या जुन्या पांढरीतून किंवा पडक्या गढीतून आणायची. ती पाणी धरत नाही, नीट चोपली की वरून पाऊस वाहून पन्हाळीला जातो. छतात मधोमध उजेडासाठी सवनं. भिंती दगडाच्या, दीड-दोन हात रुंद, आत-बाहेर दगडाची दोन तोंडं आणि मधे दगडगोटे, माती. उन्हाळ्यात बाहेर आग बरसत असताना आत गारवा. आमच्या हवेला यापेक्षा शहाणं घर सापडणार नाही, असं सगळे म्हणत, आणि उन्हापुरतं ते खरंही होतं.

त्याची निगाही दरवर्षीची. मृग निघायच्या आत माळवदावर चढायचं, उगवलेलं गवत उपटायचं, घुशीनं केलेली बिळं बुजवायची, नव्या मातीचा थर टाकून चोपून घ्यायचा. किरायाच्या खोलीवर हे कुणी करायचं? कागदात नव्हतं, पण रीत होती. माती मालकाची, हात किरायादाराचे. मालक गाडीभर पांढरी माती आणून टाकायचा. किरायादाराच्या घरची माणसं वर चढून ती पसरायची. ज्या घरात तरणी माणसं नाहीत, तिथं मालक आपला गडी द्यायचा. जो मालक माती देत नाही त्याची चर्चा पाणवठ्यावर व्हायची, आणि त्याची खोली पुढच्या साली रिकामी राहायची. त्या काळी यापलीकडं कचेरी नव्हती.

या रिवाजाचा एकच लेखी पुरावा संदुकीत आहे, आणि तो मालकानं लिहिलेला नाही. १३५७ फसली, म्हणजे १९४७-४८ चं साल. रझाकारांचा जोर होता. ३० जानेवारी १९४८ ला याच रेल्वेमार्गावरच्या उमरीत स्वातंत्र्यसैनिकांनी हैदराबाद स्टेट बँकेवर धाड घातली, त्यानंतर या पट्ट्यात राहणं अवघड झालं. पुष्कळ कुटुंबं हद्दीपलीकडं निघून गेली. आजोबा बायका-पोरांना घेऊन वऱ्हाडाकडं उमरखेडला गेले. जाताना वाड्याच्या किल्ल्या दिल्या त्या मागच्या खोलीतल्या किरायादाराला. तो रेल्वेत नोकरीला होता, मुसलमान होता. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली आणि आजोबा परतले, तेव्हा भीतीनं घर बदललेलं होतं. आता दार लावून बसायची पाळी त्या किरायादाराची होती. पुढचे काही आठवडे आजोबा त्याच्या ओसरीत झोपायला जात.

त्यानं आजोबांच्या हातात किल्ल्या दिल्या आणि सोबत उर्दूत लिहिलेली एक चिठ्ठी दिली. तिच्यात त्या महिन्यांचा हिशेब आहे: पांढरी माती इतक्या गाड्या, एका तुळईला टेकू, सुताराची मजुरी, एकूण किरायातून हा खर्च वजा, बाकी रक्कम इतकी, ती सोबत. आजोबांनी खाली मोडीत "पावली" म्हणून सही केली आहे. कुणी कुणाला विचारलं नव्हतं. घर गळत होतं, मालक नव्हता, राहणाऱ्यानं ते सावरलं आणि खर्च किरायातून वळता केला. संदुकीतल्या सगळ्या किरायाच्या कागदांत माळवदाचं नाव येतं ते एवढ्या एका चिठ्ठीत.

यानंतर कायदा आला. घरभाड्याचे कायदे जगात आले ते युद्धाच्या टंचाईतून. १९१५ साली ग्लासगोत घरमालकांनी भाडी वाढवली, तेव्हा मेरी बार्बर आणि तिच्या शेजारणींनी भाडं देणं बंद केलं. त्याच साली ब्रिटिश पार्लमेंटला भाडी गोठवणारा कायदा करावा लागला. मुंबईत तसा कायदा १९१८ ला आला. पुढं १९४७ च्या मुंबई कायद्यानं १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं तेच प्रमाण मानलं. मुंबईच्या चाळींची आणि पागडीची सगळी कहाणी या तारखेभोवती फिरते. आमच्याकडं ती कहाणी घडली नाही, कारण आम्ही त्या राज्यात नव्हतो. आम्हाला लागू झाला तो हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे, बेदखली व करार नियंत्रण कायदा. किराया थकवला, पोटकिरायादार ठेवला, घराची नासधूस केली किंवा मालकाला स्वतःला जागा हवी असली, अशा ठरलेल्या कारणांशिवाय किरायादाराला काढता येणार नाही, असं आता सरकार म्हणू लागलं.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. नांदेड जिल्ह्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कलं आंध्रात गेली. सोयरे तिकडं, शेत इकडं, अशी घरं झाली, आणि ढाळजेतल्या "गाव कोन्तं?" या प्रश्नाला लोक राज्यासकट उत्तर देऊ लागले. नकाशा बदलला, पुढं १९६० ला महाराष्ट्र झाला, तरी घरभाड्याला कायदा हैदराबादचाच राहिला. विदर्भाला त्यांचा १९४९ चा आदेश, पश्चिम महाराष्ट्राला १९४७ चा कायदा, आम्हाला १९५४ चा. एका राज्यात चाळीस वर्षं तीन प्रकारचे किरायादार नांदले. हे तिन्ही मोडून एकच महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा लागू झाला ३१ मार्च २००० ला. इतक्या वर्षांत माझ्यासमोर येणारे पक्षकार ज्या कायद्याखाली भांडत, तो ज्या राज्यानं केला ते राज्य कधीच संपलेलं होतं.

कायद्यानं किरायादाराला आधार दिला हे खरं. पण मालकांच्या मनात भीतीही घातली, आणि ती भीती घराच्या कायद्याआधीच शेताच्या कायद्यानं पेरलेली होती. १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्यानं कसणाऱ्या कुळाला हक्क दिले. ज्यांच्या जमिनी कुळांकडं गेल्या, तेच बहुतेक वाड्यांचे मालक. खोलीतला किरायादारही उद्या कूळ लागेल, असं त्यांनी धरून घेतलं. मग कागद करायचं टाळायला सुरुवात झाली. पावती द्यायची नाही. दिली तर "हातउसने परत मिळाले" असं लिहून द्यायची. दोन वर्षं झाली की एका खोलीतला माणूस दुसऱ्या खोलीत हलवायचा. वडिलांकडं लोक विचारायला यायचे, असा कागद लिहा की जो कागद असून नसल्यासारखा. वडील म्हणायचे, "तसला कागद मला येत नाही, तुम्ही तोंडीच ठेवा."

या भीतीचा मार बसला तो माळवदाला. खोली आपल्या हातून गेलीच आहे असं वाटलं, की मालक माती आणेना. आणि दुरुस्ती केली तर मालक किराया वाढवील म्हणून किरायादार वर चढेना. माती मालकाची आणि हात किरायादाराचे, ही रीत दोन्ही बाजूंनी सुटली. "छत गळलालंय, मालक," असं किरायादारानं म्हणायचं आणि "तुमीच बघा की," असं मालकानं, यात कितीतरी पावसाळे गेले.

आणि ज्यांनी निगा नीट राखली, त्यांचं काय झालं ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे कळलं. अनंत चतुर्दशीची रात्र होती. गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली. किल्लारी आमच्यापासून दीडशे किलोमीटरवर, तरी इथं खाटा हलल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी मी मदतीच्या गाडीबरोबर गेलो होतो. तिथं जे दिसलं ते सगळं लिहिणार नाही. घरांबद्दल जे दिसलं तेवढंच सांगतो.

ज्यांनी दरसाल इमानानं माती टाकली, त्यांचं माळवद फूट-दोन फूट जाड झालेलं होतं. गळू नये म्हणून वर्षानुवर्षं चढवलेलं ते वजन एका झटक्यात खाली आलं. रुंद भिंतीची आत-बाहेरची दोन तोंडं एकमेकांना कुठं बांधलेलीच नव्हती. मधले गोटे निसटले आणि दोन्ही तोंडं दोन बाजूंना उलटली. जिथं आत लाकडी खांबांचा सांगाडा धड होता, तिथं भिंती पडूनही काही ठिकाणी तुळया खांबांवर तशाच उभ्या होत्या. गावाबाहेर कुडाच्या आणि पत्र्याच्या हलक्या घरांत राहणारी गरीब माणसं त्या मानानं वाचली. वाड्यातली माणसं मात्र वाड्याखाली गेली. मालक आणि किरायादार असा भेद राहिलाच नाही; माणूस वाचला की गेला ते डोक्यावर किती वजन आहे यावर ठरलं.

नंतर इंजिनिअर गावोगाव फिरले, ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, आणि हजारो गावकऱ्यांनी पहिल्यांदा ऐकलं की दगडाच्या भिंतीतही आरपार जाणारे लांब दगड घालून तिची दोन्ही तोंडं बांधता येतात, दारा-खिडक्यांच्या डोक्यावरून सगळ्या भिंतींना कवळणारा काँक्रीटचा पट्टा फिरवता येतो, छताची माती उतरवून वजन कमी करता येतं. माळवद वाईट नव्हतं, त्याला सांधे नव्हते. पण घाबरलेल्या माणसाला एवढा धीर नसतो. लोकांनी दगडच टाकून दिला. काही वर्षं माणसं वाड्यासमोर पत्र्याचं शेड घालून त्यात झोपत, आणि वाडा सामानाला. धर्माबादेत किरायानं घर बघायला येणारा माणूस त्या वर्षापासून वर बघू लागला. "स्लॅब हाय का?" हा प्रश्न ढाळजेतल्या प्रश्नांच्या आधी आला.

मग आमच्या भागात दोनच प्रकारच्या खोल्या उरल्या, स्लॅबच्या आणि पत्र्याच्या. स्लॅबला किराया जास्त, पत्र्याला कमी. चार विटांच्या भिंती, वर पत्रे, पत्र्यावर वाऱ्यानं उडू नये म्हणून दगड, पाच खोल्यांना एक मीटर आणि त्या मीटरवरून लोंबत गेलेल्या वायरी. उन्हाळ्यात दुपारी आत थांबता येत नाही. भूकंपाला ही खोली हलकी म्हणून बरी, पण तिच्या भिंतीला ना पट्टा ना कोपऱ्याला सळई. आणि वायर तापली तर आत पोरं झोपलेली. एका धोक्याला भिऊन बांधलेल्या खोलीत दुसरे दोन धोके राहायला आले.

अशा खोल्यांना सगळ्यात मोठं गिऱ्हाईक दिलं ते शिक्षणानं. लातूरला राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या निकालांनी "लातूर पॅटर्न" नावारूपाला आला. १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं. धर्माबाद, बिलोली, देगलूर, उदगीरची पोरं पाठीवर गादी बांधून लातूर-नांदेडला निघाली. किराया खोलीवरून खाटेवर आला, त्याला कॉट बेसिस म्हणतात. एका खोलीत चार कॉट, चौघांचा वेगळा किराया, डबा मेसचा. गच्चीवर पत्रे टाकून मजला वाढवायचा, जिना बाहेरून लोखंडी. जूनमध्ये पोरं येतात, परीक्षा झाल्या की जातात. हंगामी मिरचीवाल्यांसारखाच हाही हंगाम, आणि कागद याचाही होत नाही. पोराचा बाप येतो, "आमच्या गावचा अमुक इथं राहत होता" एवढं सांगतो, पैसे मोजतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हापासून बाप आणखी एक प्रश्न विचारतो, बोअरला पाणी आहे का. १० जुलै २०२४ ला हिंगोलीकडं ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. त्या आठवड्यात पुन्हा लोकांनी छताबद्दल विचारलं. पुढच्या आठवड्यात विसरले.

माझी नात पुण्यात शिकते. दिवाळीत आली होती, तेव्हा लॅपटॉपवर घर बांधत बसलेली. 'द सिम्स ४' नावाचा खेळ. त्यात डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या 'फॉर रेंट' या भागात एका प्लॉटवर सहापर्यंत वेगळी बिऱ्हाडं करून किरायानं देता येतात. मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो, कारण धंदा ओळखीचा होता. मालकानं मुदत ठरवायची, नियम लावायचे, किराया ठरवायचा. इथवर आजोबांचा किरायानामाच. पण पुढं भिंतीला ओल आली, बुरशी वाढली. तिनं लक्ष दिलं नाही. नात म्हणाली, "आबा, या बुरशीनं माणूस मरतो यात. आणि दुरुस्ती नाही केली तर किरायादार मिळून उठाव करतात." मी म्हणालो, "मग आपल्या खोल्यांपेक्षा कायदा बरा आहे तुझ्या खेळात."

घर आणि किराया यांचे खेळ नवे नाहीत. आमच्या पोरांनी 'व्यापार' खेळत उन्हाळे काढले. त्याचं मूळ अमेरिकेतल्या लिझी मॅगी या बाईनं १९०४ साली पेटंट घेतलेल्या 'लँडलॉर्ड्स गेम'मध्ये. जमिनीचा मालक बसल्या जागी कसा श्रीमंत होतो आणि बाकीचे कसे कंगाल होतात, हे लोकांना दाखवायला तिनं तो केला होता. लोकांनी बोध सोडला आणि श्रीमंत व्हायचं तेवढं उचललं. पटावरच्या घरात मात्र कुणी राहत नाही. प्यादं येतं, किराया देतं आणि पुढं जातं. ते घर गळायचा प्रश्नच नाही. सिम्सचा जन्म वेगळा आहे. तो करणाऱ्या विल राइटचं घर ऑक्टोबर १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या वणव्यात जळालं. सगळं गेल्यावर संसार पुन्हा उभा करताना, कुठली वस्तू आपल्याला का लागते, असा विचार त्याच्या डोक्यात सुरू झाला, आणि २००० साली तो खेळ झाला. ज्याच्या डोक्यावरचं छप्पर गेलं, त्याच्या खेळात छप्पर मोजलं जातं, यात मला नवल वाटत नाही. किल्लारीनंतर आम्हीही काही काळ तसेच झालो होतो.

कायद्यानंही शेवटी छप्पर मोजलं, हे फार थोड्यांना माहीत आहे. १९९९ च्या कायद्याचं कलम १४ म्हणतं की घर चांगल्या दुरुस्तीत ठेवणं हे मालकाचं कर्तव्य. त्यानं ते केलं नाही, तर किरायादारानं नोटीस द्यावी, तरीही झालं नाही तर स्वतः दुरुस्ती करून खर्च किरायातून वळता करावा. मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या किरायाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त नाही. ते कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी संदुकीतली १३५७ फसलीची चिठ्ठी काढून शेजारी ठेवली. रेल्वेतल्या त्या किरायादारानं जे विनाकायदा केलं, तेच पन्नास वर्षांनी विधानमंडळानं लिहिलं, फक्त हिश्श्याची मर्यादा घालून.

पण कलम कायद्याच्या पुस्तकात आहे, लोकांच्या कागदात नाही. लोक येतात, म्हणतात, "अकरा महिन्यांचा बाँड करून द्या." अकरा महिने म्हणजे नोंदणी लागत नाही असा त्यांचा ठाम समज. याच कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची, मुदत काहीही असो. नोंदवला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल किरायादार म्हणेल ते ग्राह्य, तो खोटं ठरेपर्यंत. हे सांगितलं की मालक जरा नीट बसतो. तरी छापील मसुद्यातल्या अटी त्याच: किराया, अनामत, मुदत, वीजबिल, रिकामी करताना रंग. आजोबांच्या साच्यात खण जाऊन चौरस फूट आले, बाकी छप्पर अजून बाहेरच.

म्हणून मी कराराला एक पान जोडतो. इमारत कोणत्या साली बांधली, छत स्लॅबचं की पत्र्याचं, वरचा मजला मूळ आराखड्यातला की नंतर चढवलेला, गळतीची दुरुस्ती कुणी आणि किती दिवसांत करायची, वायरिंग कधी बदललं, अर्थिंग आहे का, सिलिंडर कुठं ठेवायचा, पाणी कुठून. हे पान वाचून मालक म्हणतो, "हे लिहिलं तर सगळं माझ्या अंगावर येईल." मी सांगतो, अंगावर कायद्यानं आलेलंच आहे, लिहिल्यानं उलट तुमचं रक्षण होतं. किरायादारानं न विचारता भिंत फोडली, वायर ओढली, गच्चीवर टाकी चढवली, तर तेही याच पानावरून दाखवता येतं. किरायादार म्हणतो, "एवढं लिहिलं तर किराया वाढंल." वाढतो कधीकधी. मग तो ठरवतो, पान ठेवायचं की काढायचं. पुष्कळ जण काढतात.

आमच्या दप्तरात हे पान पहिल्यांदा कुणी मागितलं, तेही सांगतो. ते कुठल्या बिऱ्हाडानं मागितलं नाही, लेकराला कॉटवर ठेवून जाणाऱ्या बापानंही नाही. मागितलं एका मिरचीच्या व्यापाऱ्यानं, गोदामासाठी. त्यानं मालकाला समोर बसवून लिहून घेतलं, की छत गळून माल भिजला तर भरपाई मालकाची, पावसाळ्याआधी पत्रे तपासून द्यायचे, वायरिंग नवीन करून द्यायचं. मालकानं कुरकुर न करता सही केली, कारण पोत्यांची किंमत दोघांनाही ठाऊक होती. ते पान मी जपून ठेवलं, "माल" या शब्दाच्या जागी "राहणारी माणसं" घातलं, आणि तेव्हापासून प्रत्येक किरायानाम्याबरोबर तेच पुढं करतो. ज्याला ते नको असेल त्यानं काढावं, पण वाचून काढावं.